पालक, कॅडमियम आणि चव्वेचाळीस कुंड्या : प्रकल्प नोंदी

१४ सप्टेंबर २०२३

विषय ठरला. कॅडमियम हा विषारी धातू असलेल्या मातीत पालक घ्यायचा, आणि काय घातलं की झाडाला ते सोसतं ते पाहायचं.

सरांनी शिसं आणि क्रोमियमही सुचवलं होतं. पण शिसं मातीला घट्ट धरून बसतं, मुळांतून पानापर्यंत फारसं चढत नाही. पालेभाजीवर सापडणारं शिसं बरंचसं धुळीतून आलेलं असतं. क्रोमियमही बहुतेक मुळांतच अडकतं. कॅडमियमची चाल जस्तासारखी, आणि जस्त तर झाडाला हवंच असतं. ज्या वाटांनी मुळं जस्त, लोह, मँगनीज आत घेतात त्याच वाटांनी कॅडमियम शिरतं आणि पानात जाऊन बसतं.

काकांचं शेत मुळा-मुठेच्या काठी, पुण्याच्या खालच्या अंगाला आहे. शहराचं सांडपाणी मिसळलेलं ते पाणी, त्यात नत्र भरपूर, त्यामुळे पालक बारा महिने गर्द हिरवा. लहानपणापासून तोच खात आले आहे. विषय निवडताना डोळ्यांसमोर तेच वाफे होते.

२१ सप्टेंबर

माती दोन प्रकारची घेतली. काळी कॉलेजच्याच शेतातली, आणि जांभी मैत्रिणीच्या गावची, रत्नागिरी जिल्ह्यातली. तीन गोण्या टेम्पोतून आल्या. सावलीत ताडपत्रीवर पसरल्या, ढेकळं लाकडी मोगरीने फोडली.

सामू (पीएच) : काळी ८.१, जांभी ५.४. काळ्या मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब टाकले तर सोड्यासारखी फसफसली, इतकी चुनखडी तिच्यात आहे. जांभी गप्प. या एका फरकावर पुढचं बरंच काही ठरणार आहे. आम्लधर्मी मातीत कॅडमियम सुटं होऊन पाण्यात उतरतं, चुनखडीच्या मातीत ते कणांना चिकटून राहतं. जुनी पुस्तकं सरसकट ‘चुना घाला’ म्हणतात ते जिथे माती आम्लधर्मी असते तिथलं आहे. आपल्या देशावरच्या काळ्या जमिनीत चुना आधीच इतका आहे की वरून घालून काही साधत नाही. म्हणून चुन्याची कुंडी फक्त जांभीत ठेवते.

आराखडा असा : काहीच न मिसळलेली, नुसतं कॅडमियम, कॅडमियम + गांडूळखत, कॅडमियम + बायोचार (कमी हवेत जाळून केलेला कोळसा), कॅडमियम + झिंक सल्फेट (जस्ताचं खत). जांभीत वर चुन्याची एक. प्रत्येकाच्या चार कुंड्या, कुंडीत पाच किलो माती. एकूण ४४.

२९ सप्टेंबर

माती चाळण्यात आठवडा गेला. आज ३६ कुंड्यांत कॅडमियम क्लोराइड मिसळलं. किलोला १० मिलिग्रॅम कॅडमियम हवं, म्हणजे कुंडीला ५०. त्यासाठी क्षार ८१.५ मिलिग्रॅम. पाण्यात विरघळवून कुंडीला २५० मिलिलिटर, मग माती प्लास्टिकवर पसरून हाताने कालवली. दोन जोड हातमोजे आणि मास्क होते. कंबर मोडली.

आता चार आठवडे मुरू द्यायचं. वाफसा येईल इतकं पाणी, मग सुकवणं, पुन्हा पाणी. ताजा टाकलेला क्षार मातीत बसायला वेळ लागतो. लगेच पेरलं तर शेतात कधीच दिसणार नाही इतकं विष मुळांना लागेल.

६ ऑक्टोबर

हिशोब चुकला. बाटलीवरचं लेबल आज नीट वाचलं. तो निर्जल क्षार नाही, रेणूमागे अडीच पाणी असलेला आहे. निर्जल क्षारात कॅडमियम ६१ टक्के, यात ४९. म्हणजे कुंडीत ५० ऐवजी ४० मिलिग्रॅम गेलं, किलोला ८.

अर्धा दिवस रडवेली झाले होते. वरून आणखी घालू का, असं सरांना विचारलं. ते म्हणाले, ‘‘सगळ्या कुंड्यांत सारखंच आठ आहे ना? मग आठच लिही. आता वरून घातलंस तर निम्मं मुरलेलं आणि निम्मं ताजं, त्याचं उत्तर कोण देणार?’’ प्रबंधात ८ लिहिलं जाईल. बाटलीच्या झाकणावर लाल पेनाने सूत्र पूर्ण लिहून ठेवलं, पुढच्या वर्षी हा क्षार वापरणाऱ्यासाठी.

९ ऑक्टोबर

माती मुरतेय तोवर वाचन. जपानच्या तोयामा प्रांतात जिन्झू नदी आहे. वर कामिओका खाणीतून कॅडमियम नदीत यायचं, खाली ते पाणी भातखाचरांत जायचं. भात खाऊन, पाणी पिऊन लोकांची हाडं ठिसूळ झाली. सर्वांत जास्त त्रास पाळी गेलेल्या बायकांना, ज्यांनी बरीच बाळंतपणं काढली होती त्यांना. दुखण्याचं नावच ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतं, दुखतं’. सरकारने १९६८ साली ते प्रदूषणाचं दुखणं म्हणून मान्य केलं. मग शेतांवरची माती बदलायचं काम निघालं, ते संपलं २०१२ साली. एका खोऱ्यातली माती दुरुस्त करायला तीस वर्षांच्या वर लागली.

त्याच २०१२ साली जपानी संशोधकांनी कोशिहिकारी या त्यांच्या आवडत्या भाताच्या बियाण्यावर आयनांचा मारा करून काही रोपं मिळवली. त्यांच्या मुळांतलं मँगनीज आत घेणारं एक प्रथिन बिघडलेलं होतं. कॅडमियम मुख्यतः त्याच दाराने यायचं, त्यामुळे दाण्यात ते जवळजवळ उरलंच नाही. मँगनीजही कमी झालं, पण भात पिकला.

जांभीवाली मैत्रीण भातावर काम करते. तिचं त्रांगडं आणखी वेगळं आहे. खाचरात पाणी भरून ठेवलं तर कॅडमियम गंधकाशी बांधलं जाऊन बसतं, पण आर्सेनिक मोकळं होतं. पाणी सोडलं की आर्सेनिक बसतं आणि कॅडमियम उठतं. मातीत दोन्ही असतील तर शेतकऱ्याने काय करायचं?

१९ ऑक्टोबर

बायोचार केला. तुराट्या तुकडे करून जुन्या तेलाच्या पिंपात, हवा कमीत कमी ठेवून. पहिल्या खेपेला झाकण नीट बसलं नाही, सगळ्याची राख झाली. दुसऱ्या खेपेला चांगला काळा, हातात चुरचुरणारा कोळसा मिळाला. खलबत्त्यात कुटून चाळला. याचा सामूही चढाच आहे, राखेमुळे. तेव्हा बायोचारने जांभीत फरक पडला तर त्यातला किती कोळशाच्या छिद्रांचा आणि किती नुसत्या राखेचा, हा प्रश्न राहील.

मात्रा : गांडूळखत आणि बायोचार दोन टक्के, कुंडीला शंभर ग्रॅम. चुनखडीची भुकटी दहा ग्रॅम. झिंक सल्फेट ५६ मिलिग्रॅम, म्हणजे शिफारशीइतकंच, हेक्टरी २५ किलो.

रात्री सहज हिशोब मांडला. हेक्टरभर जमिनीचा वरचा पंधरा सेंटिमीटरचा थर साधारण २२ लाख ४० हजार किलो धरतात. त्याचे दोन टक्के म्हणजे जवळजवळ ४५ टन, एकरी १८ टन कोळसा. कुंडीत शंभर ग्रॅम किती सोपं वाटतं! एवढ्या तुराट्या गावात मिळणार नाहीत. चुना एकरी पावणेदोन टनांच्या आसपास येतो, तो कोकणात निदान कल्पनेत तरी बसतो. झिंक सल्फेट एकरी दहा किलो, ते काका आजही टाकू शकतात. ज्या शोधनिबंधांत दोन, पाच टक्के बायोचार वाचते, तिथे हा हिशोब मांडलेला क्वचितच दिसतो.

२६ ऑक्टोबर

दसऱ्यानंतर पेरणी. वाण ऑल ग्रीन. बी रात्रभर भिजवलं, कुंडीला दहा टोकली, नंतर विरळणी करून पाच ठेवणार. खत म्हणून युरिया आणि पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट. सुपर फॉस्फेट मुद्दाम टाळलं, कारण ते ज्या खडकापासून बनतं त्यात कॅडमियमचा अंश असतो.

२ नोव्हेंबर

उगवण सगळीकडे सारखी. कॅडमियम बियाला अडवत नाही.

१७ नोव्हेंबर

दिवाळीहून परतले. पाच दिवस पाणी घालायचं काम रखवालदार मामांकडे होतं. त्यांनी मन लावून घातलं, पण बोअरवेलचं. शुद्ध केलेल्या पाण्याचा कॅन कुठला ते मी सांगितलंच नव्हतं. चूक पूर्ण माझी.

बोअरच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले, लगेच दह्यासारखा पांढरा साका. क्लोराइड भरपूर. क्लोराइड कॅडमियमशी जोडी जमवतं, आणि ती जोडी मातीच्या कणांना नीट चिकटत नाही, पाण्याबरोबर मुळाशी पोहोचते. ऑस्ट्रेलियात बटाट्याच्या शेतांत हेच दिसलं होतं. जिथे जमीन-पाणी खारट, तिथल्या बटाट्यात कॅडमियम जास्त.

४४ कुंड्यांना सारखंच पाणी मिळालं, त्यामुळे आपापसांत तुलना टिकते. आणि खरं सांगायचं तर काकांच्या शेतातही शुद्ध पाणी कुठून येणार? तारखा आणि अंदाजे पाणी वहीत नोंदवलं.

१९ नोव्हेंबर

आज प्रत्येक कुंडीपुढे बसून नोंदी घेतल्या.

जांभी, नुसतं कॅडमियम : कोवळी पानं पिवळट, शिरा तेवढ्या हिरव्या, लोह कमी पडल्यासारखी. रोपं बोटभर. एक उपटून पाहिलं तर मुळं आखूड, जाड, तपकिरी, बारीक तंतू जवळजवळ नाहीतच.
जांभी + चुना : रंग सुधारलेला, उंची दुप्पट.
जांभी + गांडूळखत : चांगली, चुन्याच्या थोडी मागे.
जांभी + जस्त : फरक दिसत नाही.
काळी, नुसतं कॅडमियम : काहीही न मिसळलेल्या कुंडीशेजारी ठेवली, मामांना विचारलं यातली आजारी कुठली. त्यांना सांगता येईना. मलाही आलं नसतं.
काळी + गांडूळखत : सगळ्यांत देखणी. पानं तळहाताएवढी.

आणि एक मोठी उणीव कळली. जांभीत काहीच न मिसळलेल्या कुंड्याही खुरटलेल्याच आहेत. पालकाला आम्लधर्मी माती मुळातच मानवत नाही. मग चुन्याने जो जोम आला तो कॅडमियम अडल्यामुळे की नुसता आंबटपणा गेल्यामुळे? हे सांगायला ‘कॅडमियम नाही, फक्त चुना’ अशा चार कुंड्या हव्या होत्या. आराखडा तीनदा तपासला होता, आणि हे सुटलं. पानांतलं कॅडमियम मोजल्यावर अडलं की नाही ते कळेलच, पण वाढीबद्दल काही छातीठोक लिहिता येणार नाही.

२७ नोव्हेंबर

काल रात्री अवकाळी पाऊस. नाशिककडे गारपिटीने द्राक्षबागा झोपल्याच्या बातम्या आहेत. शेडनेटमधून पाणी गळतं, म्हणून मामा आणि मी रात्री दहाला कुंड्यांवर प्लास्टिक ओढलं. सहा कुंड्यांच्या बशीत पाणी उतरलं होतं, ते त्याच कुंडीत परत ओतलं. वाहून गेलेलं पाणी म्हणजे वाहून गेलेलं कॅडमियम.

३ डिसेंबर

३८व्या दिवशी कापणी.

वजनं घेऊन झाल्यावर काळ्या मातीच्या कुंड्यांतला उरलेला पाला टोपलीत ठेवला होता. झाडलोट करणाऱ्या मावशी आल्या आणि म्हणाल्या, ‘‘ताई, एवढा हिरवागार पाला, टाकता कशाला? शेळीला न्यू का?’’ टोपली त्यांच्या हातात होती. मी जवळजवळ ओढूनच घेतली. मग त्यांना खाली बसवून सांगितलं, की यात विष आहे, आम्हीच घातलंय, दिसत नाही. त्या म्हणाल्या, ‘‘विष असतं तर झाड जळलं नसतं का?’’

हाच प्रश्न गेले तीन महिने मी स्वतःला विचारायला हवा होता.

झाड जळत नाही कारण त्याने स्वतःपुरता बंदोबस्त केलेला असतो. कॅडमियम पेशीत शिरलं की झाड ग्लुटाथायोन या गंधक असलेल्या छोट्या रेणूचे तुकडे एकापुढे एक जोडून फायटोकेलॅटिन नावाच्या साखळ्या विणतं. त्यांतलं गंधक कॅडमियमला गच्च धरतं, आणि ती गाठोडी रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या कोठीत, नेऊन कोंडली जातात. तिथे पडून राहिली की झाडाच्या कामात ती आड येत नाहीत. झाडाला ते सोसलं असं आपण म्हणतो ते एवढंच. धातू कुठे गेलेला नसतो, पानातच असतो. ते पान जो खाईल त्याच्या पोटात ते गाठोडं उघडतं. माणसाच्या मूत्रपिंडात शिरलेलं कॅडमियम निम्मं व्हायला दहा ते तीस वर्षं लागतात.

म्हणजे माझ्या आराखड्यातला पहिला स्तंभ, ‘वाढ’, हा चुकीचा काटा आहे. जांभीतलं पिवळं रोप निदान ओरडून सांगतं. ते कुणी बाजारात नेणार नाही. काळ्या मातीतलं देखणं रोप सरळ जुडीत बांधलं जाईल.

टोपलीतला पाला पिशवीत सीलबंद केला. कुंड्यांवर मराठीत ठळक पाट्या लावल्या : ‘विषारी. माणसाने, जनावराने खाऊ नये.’ आधीच्या पाट्यांवर नुसते संकेतांक होते, तेही इंग्रजीत. ही चूक वजनातल्या चुकीपेक्षा मोठी होती.

८ डिसेंबर

पानं आधी नळाखाली, मग सौम्य आम्लात बुडवून, मग दोनदा ऊर्ध्वपातित पाण्यात धुतली. ओव्हनमध्ये ६५ अंशांवर वाळवली, दळली.

१३ डिसेंबर

डायजेशन, म्हणजे दळलेली पानं आम्लात पूर्ण विरघळवणं. रात्रभर नुसत्या नायट्रिक आम्लात भिजत, सकाळी नायट्रिक-परक्लोरिक मिश्रण ९:४. परक्लोरिक थेट सेंद्रिय पदार्थावर टाकलं तर स्फोट होऊ शकतो, म्हणून आधीची रात्र वगळायची नाही. तपकिरी धूर जाऊन दाट पांढरा धूर येईपर्यंत फ्युम हूडमध्ये, म्हणजे धूर ओढून घेणाऱ्या कपाटात. शेवटी फ्लास्कच्या तळाशी पाण्यासारखा स्वच्छ थेंब.

मातीसाठी डीटीपीए, म्हणजे झाडाला मिळू शकणारा धातू मातीतून ओढून काढणारं द्रावण. दहा ग्रॅम माती, वीस मिलिलिटर द्रावण, दोन तास हलवणं. एक सावधगिरी : लिंडसे आणि नॉर्व्हेल यांनी १९७८ साली ही रीत बसवली ती उदासीन आणि चुनखडीच्या जमिनींसाठी. द्रावणाचा सामू ७.३ वर बांधलेला असतो. ५.४ च्या जांभीला ते लावलं की मातीचा स्वभावच बदलून आपण मोजतो. जांभीचे डीटीपीएचे आकडे मी काळीच्या आकड्यांशेजारी मांडणार नाही.

२० डिसेंबर

मशीनवर कॅडमियमची रीडिंग घेतली, २२८.८ नॅनोमीटरवर, कॅडमियम शोषतं त्या प्रकाशाच्या तरंगलांबीवर. काही नमुने परत लावायचे आहेत, म्हणून सरासरी आज लिहीत नाही, क्रम लिहिते.

पालेभाजीत कॅडमियमची मर्यादा ओल्या वजनावर किलोला ०.२ मिलिग्रॅम. माझ्या पालकात कोरडा भाग साडेआठ टक्क्यांच्या आसपास, तेव्हा सुक्या पानांत ती रेघ सव्वादोन-अडीचच्या मध्ये येते. कॅडमियम घातलेली एकही कुंडी या रेघेखाली नाही. एकही नाही.

जांभीत सर्वांत जास्त नुसत्या कॅडमियमची कुंडी, सर्वांत कमी चुन्याची, आणि दोघींत अंतर मोठं. चुन्यानंतर सामू साडेसहाच्या आसपास गेला होता. बायोचार चुन्यामागोमाग. राखेचा वाटा असणारच.

काळीत सगळेच आकडे जांभीच्या मानाने खाली, आपापसांत फरक थोडे. जस्ताने कमी झालं, फार नाही, पण चारही कुंड्यांत एकाच दिशेने. ही माती जस्ताला भुकेली होती. तिला जस्त मिळालं तर मुळं कॅडमियम तेवढं ओढत नसावीत. गांडूळखताच्या देखण्या कुंडीत दर किलोमागे कॅडमियम किंचित कमी, पण पाला इतका जास्त की कुंडीमागे एकूण कॅडमियम नुसत्या कॅडमियमच्या कुंडीपेक्षा अधिक बाहेर आलं. वाढलेल्या पानांत ते फक्त पातळ झालं.

सरांना दाखवलं. प्रबंधाच्या मथळ्यातला ‘सहनशीलता’ हा शब्द काढायची परवानगी मागितली. आता तिथे ‘पानांतील संचय’ आहे.

४ जानेवारी २०२४

पुन्हा लावलेल्या नमुन्यांनी क्रम तोच दिला. चुन्याच्या चार नव्या कुंड्या, कॅडमियमशिवाय, आज जांभीत पेरल्या. जुन्या कुंड्यांतली माती पिंपांत भरून पाट्या लावून कोठीत ठेवली. ती कुठल्याही बागेत जाणार नाही.

१४ जानेवारी

काकांकडे. काय झालं ते जेवताना सांगितलं. माझं आठ मिलिग्रॅम हे मुद्दाम घातलेलं, त्यांच्या शेतात किती आहे ते मोजल्याशिवाय कुणी बोलू नये, हेही सांगितलं. मोजून जास्त निघालंच तर करता येण्यासारखं थोडं आहे : दरवर्षी जस्त, आणि पालेभाजीऐवजी दुसरं काही. पानांत सर्वांत जास्त चढतं, फळांत आणि शेंगांत कमी. वांगं घ्यायचं तर सोलॅनम टॉर्व्हम या काटेरी रानटी वांग्याच्या खुंटावर कलम केलेलं, त्याची मुळं कॅडमियम वर सोडत नाहीत. नाहीतर झेंडू, शेवंती.

काका म्हणाले, ‘‘फुलं सणासुदीला जातात गं. पालकाचा पैसा रोज येतो.’’ त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुपारी नमुने घेतले. लोखंडी खोरं नको, गॅल्व्हनाइझ्ड घमेलं तर नकोच, त्यातून जस्त येतं. लाकडी पट्टीने, नागमोडी चालत दहा ठिकाणी व्ही आकाराचे वीतभर खड्डे. माती एकत्र करून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत. नदीच्या पाण्याची एक बाटली, आत दोन थेंब नायट्रिक आम्ल. पालकाच्या तीन जुड्या.

पिशव्यांना चिठ्ठ्या बांधत होते तेव्हा काकू मागच्या दारातून आल्या. घराच्या मागे त्यांचा मेथी-कोथिंबिरीचा छोटा वाफा आहे, घरात खायला. त्या म्हणाल्या, ‘‘याचीपण घे. पाणी तेच आहे.’’

सहावा नमुना त्या वाफ्याचा. मशीन २२ तारखेला मिळतंय.